खोल्या वाटणं सोपं, सोडवून घेणं अवघड: स्पेस कमिटीतला माझा अनुभव

आमच्या संस्थेला नवीन विंग मिळाली आणि मला स्पेस कमिटीवर, म्हणजे खोल्या-लॅब कुणाला किती ते ठरवणाऱ्या कमिटीवर घेतलं. कारण काय तर मी कॉम्प्युटेशनल काम करते, मला लॅब लागत नाही, म्हणजे कुणाच्या लॅबवर माझा डोळा नसणार. लॅबपुरतं ते खरंही होतं. ऑफिसच्या बाबतीत मात्र मी काही फार न्यूट्रल नव्हते, माझी खोली लिफ्टच्या मोटरला चिकटून आहे आणि दिवसभर घरघर चालू असते, पण ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगायला गेले नाही. तर बऱ्याच जणांनी विचारलं की तुमच्याकडे हे नेमकं केलंत कसं, त्यांच्याकडेही हाच घोळ चाललाय, म्हणून सविस्तर लिहितेय.

सुरुवातीला सगळ्यांची समजूत अशी की जागा वाढलीये म्हणजे प्रत्येकाला थोडी थोडी जास्त येणार. मागण्या मागवल्या तर त्यांची बेरीज नव्या विंगच्या दुपटीच्या वर गेली. आणि त्या अख्ख्या गठ्ठ्यात एकही अर्ज असा नव्हता की बाबा माझ्याकडची अमुक खोली मला आता लागत नाही, घ्या. एकही नाही! माझं यातून जे मत झालं ते आधीच सांगून टाकते, वाटणं हा भाग सोपाच आहे, त्याच्या पद्धती लोकांनी कधीच शोधून ठेवल्यात, खरी मारामारी आहे ती सोडवून घेण्याची. आणि लोक खोल्या दाबून बसतात ते हावरटपणाने कमी आणि एकदा सोडली की परत मिळायची नाही या भीतीने जास्त. ही भीती खोटीही नाही, आमच्याकडे पूर्वी ज्यांनी भलेपणाने खोली सोडली त्यांना नंतर गरज पडली तेव्हा "बघू" एवढंच उत्तर मिळालेलं सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

पहिलं काम निघालं ते मोजण्याचं. आमच्याकडे खोल्यांचं एक रजिस्टर होतं, पण ते इमारत बांधली तेव्हाचं. मधल्या काळात पार्टिशन उभी राहिली, काही पडली, दोन खोल्यांचा एक हॉल झाला, "स्टोअर" म्हणून लिहिलेल्या खोलीत चक्क लेझर टेबल चालू, आणि "सेमिनार रूम" म्हणून जी होती तिच्यात कपाटं ठासलेली. मग आम्ही लेझर डिस्टन्स मीटर घेतला आणि एकेक खोली मोजायला लागलो. मोजायचं म्हणजे काय हेसुद्धा आधी ठरवावं लागतं हं, नाहीतर तिथंच भांडण. आम्ही ठरवलं की आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत, मधले कॉलम आणि डक्टचे शाफ्ट वजा, कॉरिडॉर, जिना, टॉयलेट कुणाच्याच नावावर नाही. मोजताना कमिटीतले दोघं आणि त्या खोलीचा माणूस समोर पाहिजे, तिघांची सही, आणि आकडा त्याच दिवशी सगळ्यांना दिसेल अशा शीटमध्ये. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं ठरलं, कारण आतापर्यंत कुणाकडे किती जागा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, सगळा कारभार अंदाजावर आणि जुन्या रागावर चाललेला.

मोजण्यावरून मी मिटिंगमध्ये नॅन्सी हॉपकिन्स यांची गोष्ट सांगितली होती. एमआयटीतल्या या बायॉलॉजिस्ट, झेब्राफिशवर काम करायच्या, माशांच्या टाक्यांसाठी जागा मागितली तर मिळेना, तेव्हा बाईंनी सरळ मेजरिंग टेप घेऊन आपली आणि इतरांची लॅब मोजून काढली. त्यातून निघालं की त्यांच्या बरोबरीच्या पुरुष प्राध्यापकांकडे त्यांच्यापेक्षा खूपच जास्त जागा आहे. १९९४ मध्ये तिथल्या स्कूल ऑफ सायन्समध्ये कायम झालेले पुरुष प्राध्यापक १९४ आणि बायका फक्त १५, त्यातल्या जवळजवळ सगळ्या बायकांनी मिळून पाठपुरावा केला आणि १९९९ मध्ये संस्थेने अहवाल काढून जागा, पगार, साधनं यात फरक होता हे जाहीर कबूल केलं. मुद्दा असा की त्याच्या आधी कुणी त्यांना "तुम्हाला कमी देतोय" असं थोडीच म्हणालं असेल, आकडाच नसला तर फरक दिसणार कसा. आमच्या शीटमध्येही असंच काही दिसलं, फक्त आमच्याकडचा फरक बाई-पुरुष असा नव्हता, आधी आलेले आणि नंतर आलेले असा होता. म्हणजे कामाशी, माणसांच्या संख्येशी, कशाशीच त्याचा संबंध नव्हता, जो ज्या वर्षी आला त्या वर्षी जे रिकामं होतं ते त्याचं झालं, संपलं.

एका सीनियर सरांनी मोजू द्यायलाच नकार दिला. म्हणे माझ्या लॅबमध्ये सेन्सिटिव्ह सेटअप आहे, कुणी आत यायचं नाही. ठीक आहे म्हटलं, वाद घालत बसलो नाही, मूळ नकाशावरून त्यांच्या लॅबचा जो आकडा येत होता तो शीटमध्ये टाकला आणि पुढे "नकाशावरून" असं लिहिलं. आता नकाशात शाफ्ट आणि कॉलम वजा केलेले नसतात, त्यामुळे तो आकडा फुगलेला, आणि शीटमध्ये सर एकदम वरच्या ओळीत जाऊन बसले. दुसऱ्याच दिवशी स्वतः आले, "अहो मॅडम, हे चुकीचं आहे, माझ्याकडे एवढी जागा कुठंय, या आणि मोजा." गेलो आणि मोजली. सेन्सिटिव्ह सेटअप होता, हे खरं, पण एका कोपऱ्यात. बाकी अर्ध्या खोलीत खोकी होती.

खोक्यांचं म्हणाल तर तो एक स्वतंत्र अध्याय आहे. बंद पडलेला सेंट्रीफ्यूज, तेल गळणारा रोटरी पंप, जाडजूड पिक्चर ट्यूबचे मॉनिटर, कुठल्याशा प्रोजेक्टमध्ये घेतलेलं आणि माणूसच सोडून गेल्यामुळे कधी उघडलंही नाही असं उपकरण. प्रत्येक संस्थेत हे असतंच. फेकता येत नाही, कारण डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या सामानाच्या नोंदवहीत, नाव आहे, निर्लेखन करायचं, म्हणजे ते नाव रीतसर काढून टाकायचं, तर कमिटी, तिचा रिपोर्ट, लिलाव, आणि तोपर्यंत ती वस्तू ज्याच्या नावावर त्याने ती सांभाळायची. म्हणजे नियमच माणसाला भंगार सांभाळायला लावतो आणि ते सांभाळायला लॅबची जागा जाते, जिथं ड्रेन आहे, थ्री-फेज आहे, एक्झॉस्ट आहे अशी महागातली जागा. आम्ही तळघरातली एक खोली फक्त यासाठी काढली, वस्तू तिथं गेली की जबाबदारी स्टोअरची, प्राध्यापकाची सही सुटली. एवढ्या एका गोष्टीने जेवढी जागा मोकळी झाली तेवढी बाकी कुठल्या हुशारीने झाली नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन.

मग वापर बघायचा प्रश्न आला. क्लासरूमसाठी एक सोपा हिशोब असतो, आठवड्यातले किती तास खोली वापरात असते आणि वापरात असताना किती खुर्च्या भरलेल्या असतात, या दोन्हींचा गुणाकार. ४० पैकी २० तास वापर म्हणजे ५० टक्के, त्यातही निम्म्याच खुर्च्या भरलेल्या, तर खरा वापर २५ टक्के. हा आकडा ऐकला की माणसं दचकतात, आम्हीही दचकलो. पण हाच हिशोब कमिटीतल्या एकांनी लॅबला लावायला काढला, वेगवेगळ्या वेळी फेरी मारून आत किती माणसं आहेत ते लिहायचं म्हणे, आणि तिथं सगळ्या एक्सपेरिमेंटवाल्यांनी आम्हाला धारेवर धरलं. बरोबरच होतं त्यांचं. रात्रभर डेटा घेणारा सेटअप माणसाशिवायच चालतो, फील्डवर जाणाऱ्या ग्रुपची लॅब सीझनमध्ये ओस आणि नंतर सॅम्पल आली की पाय ठेवायला जागा नाही. तो प्रकार सोडून दिला. त्याऐवजी प्रत्येक लॅबला एकच पानाचा फॉर्म, या खोलीत गेल्या वर्षभरात काय चाललं, कुठली उपकरणं चालू आहेत, किती जण इथं हाताने काम करतात. आणि तो फॉर्मही सगळ्यांना दिसेल असाच ठेवला, त्यामुळे थापा मारायची सोय राहिली नाही, शेजारच्याला सगळं माहीत असतं ना.

आता वाटपाकडे येते. पहिल्याच दिवशी एक गोष्ट आम्ही नीट केली ती म्हणजे ऑफिस, लॅब आणि विद्यार्थ्यांची टेबलं हे तीन वेगळे प्रश्न धरले. ऑफिस ही आवडीनिवडीची गोष्ट आहे, लॅब ही गरजेची आणि पाइपांची, आणि विद्यार्थ्यांची टेबलं ही अशी गोष्ट की जिच्यासाठी भांडायला मिटिंगमध्ये कुणी बसलेलंच नसतं.

ऑफिससाठी अर्ध्या लोकांना सीनियॉरिटी पाहिजे होती, अर्ध्यांना चिठ्ठ्या. साधी पद्धत अशी की चिठ्ठ्या टाकून क्रम लावायचा, ज्याचा नंबर येईल त्याने उरलेल्यातली आवडेल ती खोली घ्यायची. यात खोटं बोलून काही फायदा नसतो, जी खरंच हवी तीच मागणं तुमच्या हिताचं. पण एक मोठी अडचण आहे, ज्याच्याकडे आज बरी खोली आहे तो या चिठ्ठ्यांत कशाला पडेल? नंबर शेवटचा लागला तर हातची खोली जाऊन जिन्याखालची मिळायची. मग असे सगळे म्हणतात की आम्ही आहोत तिथंच बरे, आणि मग वाटायला उरतात त्या फक्त कुणाला नको असलेल्या खोल्या. पुन्हा तेच, सोडायची भीती.

याच्यावर तोडगा आहे आणि तो आमचा नाही. १९७४ मध्ये लॉइड शॅप्ली आणि हर्बर्ट स्कार्फ या अर्थशास्त्रातल्या अभ्यासकांनी घरांच्या अदलाबदलीवर एक पेपर लिहिला, प्रत्येकाकडे एकेक घर आहे, पैसे मध्ये न आणता सगळ्यांचं भलं होईल अशी अदलाबदल कशी करायची, आणि त्यातली गोल फिरणाऱ्या साखळ्यांची युक्ती डेव्हिड गेल यांची. पुढे १९९९ मध्ये अब्दुलकादिरोग्लू आणि सोन्मेझ या अर्थशास्त्रज्ञांनी नेमकी आमच्यासारखी परिस्थिती घेतली, काही लोक आधीपासून राहतायत, काही नवीन आलेत, काही खोल्या रिकाम्या आहेत. त्यांचा नियम एका वाक्यात सांगायचा तर, तू माझी खोली मागितलीस तर तुझ्या आधी माझा नंबर. याच कुळातल्या कल्पनांवर पुढे किडनीच्या अदलाबदलीची व्यवस्था उभी राहिली, म्हणजे ही नुसती कागदावरची करमणूक नाही.

आमच्याकडे हे व्हाइटबोर्डवर झालं, सगळ्यांसमोर, कॉम्प्युटर वगैरे मुद्दाम वापरला नाही, कारण प्रोग्राममधून उत्तर आलं असतं तर लोकांनी प्रोग्राम कुणी लिहिला ते विचारलं असतं आणि तो मीच लिहिला असता. प्रत्येक खोलीची एक चिठ्ठी मॅग्नेटने बोर्डाला लावलेली. पहिला नंबर निघाला स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमचा, त्यांनी कोपऱ्यातली मोठ्या खिडकीची खोली मागितली. तिथं ऑप्टिक्सचे सर बसतात. म्हणून मॅडम थांबल्या आणि नंबर सरांचा आला, तुम्हाला काय हवंय? सर म्हणाले मला ती खिडकी नकोच आहे हो, दुपारी ऊन स्क्रीनवर येतं, मला माझ्या लॅबसमोरची आतली खोली द्या. आतल्या खोलीत मागच्या वर्षी आलेला एक मुलगा, त्याचा नंबर, त्याने नव्या विंगमधली रिकामी खोली मागितली. ती रिकामीच, तर मिळाली. मग सर आत गेले, मॅडम कोपऱ्यात गेल्या, मॅडमची जुनी खोली बोर्डावर रिकामी म्हणून लागली आणि दुसरा नंबर सुरू. तिघंही आधीपेक्षा खूश, आणि ज्याला काहीच बदलायचं नाही त्याने आपलीच खोली मागायची, ती त्याच्याकडून कुणी काढू शकत नाही. ऑप्टिक्सच्या सरांना ती खिडकी नकोय हे इतकी वर्षं कुणाला माहीतच नव्हतं, आणि कोपऱ्यातली खोली म्हणजे मान म्हणून तेही कधी बोलले नव्हते.

एक दोघांनी विचारलं की मी आधी दुसऱ्या पसंतीची मागितली तर चान्स वाढेल का. नाही वाढत, उलट पहिली हातची जायची. हे दोनदा उदाहरण घेऊन दाखवावं लागलं. आणि चिठ्ठ्यांच्या आधीच ज्यांना चालण्याचा त्रास आहे, व्हीलचेअर आहे किंवा डॉक्टरांनी काही सांगितलंय त्यांच्या खोल्या तळमजल्यावर किंवा लिफ्टजवळ बाजूला काढल्या होत्या, त्यांना सगळ्यांसमोर कारण सांगायला लावलं नाही. सीनियॉरिटीचं काय झालं? सीनियॉरिटी धरायची नाही, फक्त चिठ्ठ्या, असं ठरलं, आणि ते पास झालं त्याचं खरं कारण हेच की सीनियर मंडळींची आहे ती खोली सुरक्षित होती. ती हमी नसती तर ठराव कधीच झाला नसता, मी लिहून देते.

लॅबला मात्र चिठ्ठ्या चालत नाहीत. फ्यूम हूड, म्हणजे रसायनांच्या वाफा ओढून बाहेर टाकणारी पेटी, म्हणजे काही कपाट नाही की उचललं आणि दुसऱ्या खोलीत ठेवलं, त्याला छतापर्यंत डक्ट लागतो, ब्लोअर लागतो, आणि तोंडाशी हवेचा वेग साधारण सेकंदाला अर्धा मीटर धरतात, तेवढी हवा खोलीत आत यायलाही पाहिजे. लिक्विड नायट्रोजन वापरणारा ग्रुप असेल तर बंद छोटी खोली देताच येत नाही, १ लिटर लिक्विडचा जवळजवळ ७०० लिटर गॅस होतो, तो खोलीतला ऑक्सिजन हटवतो आणि माणसाला वासही येत नाही, त्यामुळे व्हेंटिलेशन आणि ऑक्सिजन मॉनिटर पाहिजेच. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तळमजल्यावर, लिफ्ट आणि रस्त्यापासून लांब, कारण कंपनं. एनएमआरच्या, म्हणजे रेणूंची रचना तपासणाऱ्या उपकरणाच्या, मॅग्नेटभोवती ५ गॉसची रेषा आखतात (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं माप), पेसमेकरवाल्याने तिच्या आत यायचं नाही, आणि हे क्षेत्र फरशीतून वरच्या आणि खालच्या मजल्यावरही जातं, म्हणजे मॅग्नेटच्या वरती कुणाचं टेबल आहे तेही बघायचं. हे सगळं एका मोठ्या कागदावर मांडलं, आडव्या ओळीत खोल्या, उभ्या ओळीत सोयी, आणि तेव्हा कळलं की कागदावर मोठी दिसणारी एक लॅब खरं म्हणजे लॅबच नाहीये, तिला ड्रेन नाही आणि एक्झॉस्टही नाही, ती मोठी ऑफिस आहे. चौरस फूट मोजून न्याय होत नाही तो असा.

सॅम्पल साठवायचे उणे ८० अंशांचे फ्रीझर हा आमचा सगळ्यात चिवट प्रश्न. लॅबमध्ये जागा नाही म्हणून ते कॉरिडॉरमध्ये आलेले, ओळीने, आणि कॉरिडॉर हा आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता आहे. शिवाय ते दिवसरात्र गरम हवा फेकतात. सगळे फ्रीझर एका खोलीत, वेगळा एसी, जनरेटरची लाइन, तापमान वाढलं तर मोबाइलवर अलार्म, असं केलं. सुरुवातीला कुणीच द्यायला तयार नव्हतं, माझे सॅम्पल दुसऱ्याच्या भरवशावर कसे ठेवू. अलार्म बसवल्यावर आणि किल्ली प्रत्येक ग्रुपला दिल्यावर हळूहळू आले. ऑटोक्लेव्ह आणि मोठा सेंट्रीफ्यूजही असेच कॉमन केले.

लॅब किती द्यायची याच्या फॉर्म्युल्यावर सगळ्यात जास्त डोकेफोड झाली. ग्रँटच्या पैशावर ठरवा म्हणणारे होते. पण मग ज्याच्याकडे प्रोजेक्ट त्याला जागा, आणि जागा नाही त्याला प्रोजेक्ट मिळणार कसा, नवीन आलेली पोरं जन्मभर कोपऱ्यात. शिवाय थिअरीला कागद पेन्सिल पुरते आणि एका उपकरणाचीच किंमत दुसऱ्याच्या अख्ख्या प्रोजेक्टएवढी असते. माणसांच्या संख्येवर ठरवा तर मोजणीच्या महिन्यात अचानक प्रोजेक्ट स्टुडंट उगवतात. काही विद्यापीठांत विभागांना चौरस मीटरप्रमाणे अंतर्गत भाडं लावतात, त्याचाही विचार झाला. माझं मत विचाराल तर विभागांमध्ये ते ठीक आहे, बजेट असतं, वापरत नसलेली खोली परत करायला कारण मिळतं, पण एकेकट्या प्राध्यापकाला लावलं तर ज्याच्याकडे पैसे तो बसून राहतो आणि ज्याच्याकडे नाहीत तो सोडतो, मग न्याय कुठला.

शेवटी झालं ते असं की प्रत्येक एक्सपेरिमेंटल प्राध्यापकाला किमान जागा, तिला हात लावायचा नाही, त्यावर हाताने काम करणाऱ्या माणसांच्या तीन वर्षांच्या सरासरीवर वाढीव जागा, तीही पहिल्या काही जणांना पूर्ण आणि नंतर प्रत्येक माणसामागे कमी कमी, कारण दहावा माणूस आला म्हणून दहावं सिंक लागत नाही. मोठी उपकरणं वेगळी मोजायची. आणि वाढीव जागेचं पत्र मुदतीचं, तीन वर्षांनी पुन्हा बघायचं.

पण या फॉर्म्युल्यानेही कुणी खोली सोडली नसती. सोडली ती पुढच्या कलमामुळे. जो आपणहून लॅबची जागा परत करेल त्याचं नाव एका यादीत जाईल, आणि पुढे त्याला प्रोजेक्ट किंवा विद्यार्थी आले तर तेवढीच, तशाच सोयीची जागा त्याला सगळ्यांच्या आधी. ही हमी नुसती कागदावर राहू नये म्हणून एकूण लॅबच्या जागेतला साधारण दहावा हिस्सा कुणालाच वाटायचा नाही, राखीव. डायरेक्टर म्हणाले लोक रांगेत उभे आहेत आणि तुम्ही खोल्या रिकाम्या ठेवणार? पण राखीव जागा नसेल तर हमीला अर्थ नाही, आणि तसंही शिफ्टिंग करायला एक तरी रिकामी खोली लागतेच, साखळीतली शेवटची खोली रिकामी असल्याशिवाय पहिला माणूस हलूच शकत नाही. हे पटलं त्यांना, शिफ्टिंगचा मुद्दा जास्त पटला.

ठराव झाल्यावर काही दिवस शांतता. मग एका वयस्कर सरांनी, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली, आपली दुसरी लॅब परत केली. मला वाटतं ते बघायलाच बसले होते की पत्रात नेमके शब्द काय आहेत, कारण पत्र हातात घेऊन त्यांनी "तशाच सोयीची" यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हूडसकट ना? हूडसकट, म्हटलं. तसं लिहून घेतलं त्यांनी. मग बाकीचे आले. सगळे नाही.

विद्यार्थ्यांच्या टेबलांचं मी वर म्हटलं तसं, त्यांचं बोलायला कुणी नव्हतं. नव्या विंगच्या वरच्या मजल्यावर एक मोठा हॉल, तिथं सगळे पीएचडीवाले बसवू, जो येईल तो रिकाम्या टेबलावर बसेल, असा प्लॅन जवळजवळ पक्का झाला होता, दिसायलाही छान होता. मग आम्ही दोन विद्यार्थी कमिटीवर घेतले आणि पहिल्याच मिटिंगला त्यातली एक मुलगी म्हणाली, सर, माझं रिअॅक्शन दर वीस मिनिटांनी बघायला लागतं, मी चार मजले किती वेळा चढू? झालं, प्लॅन तिथंच संपला. एमआयटीतले थॉमस अॅलन यांनी सत्तरच्या दशकात मोजून दाखवलं होतं की दोन माणसांच्या टेबलांमधलं अंतर वाढलं की त्यांचं कामाबद्दलचं बोलणं झपाट्याने कमी होतं, तीस-पन्नास मीटरच्या पुढे तर फारच थोडं उरतं, आणि मजला वेगळा असला की ते लांबच. म्हणून लॅबमध्ये काम करणाऱ्यांची टेबलं त्याच मजल्यावर, थीसिस लिहिणाऱ्यांना शेवटच्या वर्षी ठरलेलं टेबल आणि कुलपाचं कपाट, आणि वरचा हॉल आमच्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांच्या विद्यार्थ्यांना. माझे विद्यार्थी यावर नाराज आहेत, उन्हाळ्यात वर तापतं म्हणतात. तापतं खरं.

सगळे खूश झाले असं अजिबात नाही. एक ग्रुप फॉर्म्युल्यात दोन खोल्यांनी जास्त निघाला, त्यांनी एक दिली, दुसरीचं अपील अजून चालू आहे. अपिलाला वेगळी तीन माणसांची कमिटी ठेवली, त्यात आमच्यातलं कुणी नाही, हे बरं केलं, नाहीतर आम्हीच ठरवणार आणि आम्हीच तक्रार ऐकणार. तळघराची खोली भरलीये आणि निर्लेखनाची कमिटी अजून बसायचीये, त्यामुळे काही खोकी पुन्हा वर सरकायला लागलीत, यावर लक्ष ठेवावं लागणार.

आणि मागच्या महिन्यात ते वयस्कर सर परत आले. एक छोटा प्रोजेक्ट मंजूर झालाय, दोन माणसं येतायत, यादीत माझं नाव आहे. राखीवमध्ये हूड असलेली एकच खोली उरली होती आणि त्याच खोलीवर नव्याने जॉइन होणाऱ्या एका मुलीसाठी डायरेक्टरांचा डोळा होता. मिटिंग बरीच लांबली. कुणीतरी म्हणालं, सरांचे किती दिवस राहिलेत, त्यांना समजावू. पण पत्र बाहेर काढलं, वाचलं, हूडसकट लिहिलेलंच होतं, खोली सरांना गेली. नवीन मुलीला सध्या कॉमन लॅबमध्ये अर्धं बेंच आणि एक हूड वेळ लावून वापरायला दिलंय, तिची किमान जागा आम्ही अजून देणं लागतो, आणि त्यासाठी नव्या विंगमधल्या त्या ड्रेन नसलेल्या "लॅब"ला ड्रेन आणि एक्झॉस्ट करून घ्यायचं एस्टिमेट मेंटेनन्सकडे गेलंय. दुसऱ्याच आठवड्यात दोघांनी खोली परत करायचा फॉर्म मागून नेला. भरून अजून दिलेला नाही, पण नेलाय.